थीम व्हॉवेल नक्की कोणाचा, धातूचा का प्रत्ययाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्पॅनिश शिकताना क्रियापदांचे तीन गट भेटले, आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, बिबिर म्हणजे जगणे. पुस्तक म्हणतं यातला आ, ए, इ हा थीम व्हॉवेल, म्हणजे धातूनंतर येणारा आणि गटाप्रमाणे बदलणारा स्वर. पुढे भाषाशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये याच शब्दांचे तुकडे पाडायला सांगितले आणि तिथे गाडी अडली, कारण हा स्वर धातूला लावायचा, प्रत्ययाला लावायचा का मधे एकटा ठेवायचा ते कळेना. शिवाय ज्याला अर्थच नाही त्याला मॉर्फीम, म्हणजे अर्थ असलेला सगळ्यात लहान तुकडा, कसं म्हणायचं हीसुद्धा शंका आहे, आणि शेवटी विचारलंय की मराठीत असलं काही असतं का.

मी शब्दरूपं ओळखणारे प्रोग्रॅम बनवतो, म्हणजे शब्द टाकला की त्याचा धातू, काळ, पुरुष, वचन वगैरे सांगणारे, आणि मधूनमधून हा विषय शिकवतो. त्यामुळे हा स्वर कुठे ठेवायचा हे मला दरवेळी नव्या भाषेत ठरवावंच लागतं, आणि दरवेळी उत्तर एकच येत नाही. का येत नाही ते सांगतो.

आधी एक गाठ सोडवू. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. एक आहे वर्ग, म्हणजे हे क्रियापद कोणत्या पद्धतीने चालतं त्याची चिठ्ठी. ही चिठ्ठी शब्दासोबत डोक्यात साठवलेली असते, ती ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट आहे स्वर, जो खरंच ऐकू येतो. बऱ्याच पुस्तकांत ‘आ-वर्ग’, ‘ए-वर्ग’ अशी नावं असतात त्यामुळे वाटतं की वर्ग म्हणजेच तो स्वर. तसं नाहीये. स्वर हा वर्गाचा एक परिणाम आहे, तोसुद्धा काही रूपांत दिसणारा. हे एकदा वेगळं केलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

पुरावा स्पॅनिशमध्येच आहे. ‘आम्ही बोलतो’ आब्लामोस, ‘आम्ही खातो’ कोमेमोस, ‘आम्ही जगतो’ बिबिमोस. इथे आ, ए, इ स्वच्छ दिसतात आणि मोस तिन्हीकडे तोच. आता ‘मी’ची रूपं घ्या: आब्लो, कोमो, बिबो. स्वर गायब, तिन्ही सारखे. म्हणजे नुसतं कोमो ऐकून वर्ग कळणारच नाही. आता तिसरी गंमत, ‘बोलावं, खावं, जगावं’ छापाची जी रूपं असतात ती बघा, आब्ले, कोमा, बिबा. आ-वर्गाला ए लागला आणि ए-वर्ग नि इ-वर्ग दोघांना आ! इथे मूळ थीम स्वर कुठेच नाही, पण आ-वर्ग बाकी दोघांपासून वेगळा स्पष्ट कळतोय, कारण कोणाला ए आणि कोणाला आ हे वर्गच ठरवतो. स्वर नसतानाही वर्ग काम करतोय म्हटल्यावर दोन्ही एक असूच शकत नाहीत.

उलट्या बाजूचा पुरावा संस्कृतात सापडतो. बुध् धातूचं बोधति आणि तुद् धातूचं तुदति, दोन्हीत धातू आणि ति यांच्या मधे अ आहे. कानाला स्वर तोच, पण गण वेगळे, बुध् पहिल्या गणातला आणि तुद् सहाव्या. फरक असा की पहिल्या गणात धातूतल्या उ चा ओ होतो, सहाव्यात होत नाही. पाणिनीने म्हणूनच दोन्हीकडचा अ एक मानलाच नाही, एकाला शप् म्हटलं, दुसऱ्याला श. ऐकायला दोन्ही अ च, पण शप् मधल्या प् ने सांगितलं की इथे गुण, म्हणजे उ चा ओ, होऊ दे. हे मला आजही भारी वाटतं, कारण आपण प्रोग्रॅममध्ये जे टॅग लावतो ना तेच काम त्याने एका अक्षरात केलंय.

संस्कृत निघालंच आहे तर जरा थांबतो, कारण शाळेत संस्कृत शिकलेल्यांना थीम व्हॉवेल आधीच माहीत असतो, फक्त नाव विकरण असतं. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, १० गण आहेत. त्यातले पहिला, चौथा, सहावा आणि दहावा हे शेवटी अ येणारे, भवति, दीव्यति, तुदति, चोरयति. बाकीच्यांत वेगळे प्रकार: दुसऱ्या गणात मधे काहीच नाही, अद् अधिक ति म्हणजे अत्ति, तिसऱ्यात धातूची द्विरुक्ती होऊन ददाति, पाचव्यात नु येऊन सुनोति वगैरे. आणि भवति मधला तो अ कायम तसाच राहतो असंही नाही, भवामि मधे लांबतो, भवन्ति मधे पुढच्या अ मधे मिसळतो. आब्लो मधे आ गेला तसंच हे. थीम स्वर हा मुळात दोन तुकड्यांच्या सांध्यावर बसलेला असतो त्यामुळे शेजारी स्वर आला की पहिला बळी त्याचाच जातो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे विकरण सगळ्या रूपांत येत नाही. भवति, अभवत्, भवतु, भवेत् यांत आहे, पण भविष्यति आणि बभूव यांत शप् नाही. कर्मणीत तर सगळ्या गणांना सरसकट य लागतो, बुध्यते, तुद्यते, गणाचा फरक पुसलाच जातो. पाणिनीच्या सूत्रातच अट घातलीय, ‘कर्तरि शप्’, अध्याय ३, पाद १, सूत्र ६८, म्हणजे विशिष्ट प्रत्यय पुढे असतील आणि कर्ता सांगायचा असेल तेव्हाच. तर एखाद्या क्रियापदाचा गण सांगणं म्हणजे त्याच्या सगळ्या रूपांबद्दल बोलणं नाही, रूपांच्या एका कोपऱ्याबद्दल बोलणं आहे.

आणि एक धातू एकाच गणात असतो असंही नाही. विद् घ्या: दुसऱ्या गणात वेत्ति म्हणजे जाणतो, चौथ्यात विद्यते म्हणजे असतो, सहाव्यात विन्दति म्हणजे मिळवतो. म्हणून मी नोंदवहीत धातूपुढे गण लिहीत नाही, क्रियापदापुढे लिहितो. दिसायला एक असले तरी नोंदी तीन.

आता मराठी. हो, आहे, आणि बऱ्याच जणांना कळतही नाही की आपण ते वापरतोय. मी बसेन, पण मी करीन. तो बसेल, पण तो करील. एकीकडे ए, एकीकडे ई. आता बाकीची रूपं म्हणून बघा: तू बसशील, तू करशील, आम्ही बसू, आम्ही करू, तुम्ही बसाल, तुम्ही कराल, ते बसतील, ते करतील. फरक गायब! म्हणजे भविष्यकाळात फक्त दोन घरांत वर्ग दिसतो, मी आणि तो/ती/ते च्या एकवचनात. स्पॅनिशमधल्या ए आणि इ वर्गाचंही असंच आहे, कोमेस-बिबेस, कोमे-बिबे, कोमीआ-बिबीआ, कोमिदो-बिबिदो सगळं एका साच्यातलं, वेगळं पडतं ते कोमेमोस-बिबिमोस, कोमेर-बिबिर आणि अशा थोड्याच जागी.

मराठीत हा ई अजून कुठे दिसतो बघा. ‘काम करीत होता’ चालतं, ‘बसीत होता’ कोणी म्हणत नाही. जुन्या गोष्टींत ‘राजा रोज दान करी’ आणि ‘झाडाखाली बसे’. अजून मागे गेलात तर करितो, मारिला, धरिला अशी रूपं भेटतात, पण बसितो किंवा बसिला नाही. म्हणजे हा ई भविष्यकाळाच्या प्रत्ययाचा भाग नाही, नाहीतर तो ‘करीत’ आणि ‘करी’ मधे कशाला आला असता? आणि तो धातूचाही नाही, नाहीतर ‘करशील’ आणि ‘कराल’ मधे दिसला असता. तो मधलाच आहे आणि वर्गामुळे आलाय.

कोणाला ए आणि कोणाला ई? व्याकरणाची पुस्तकं सांगतात अकर्मकाला ए, सकर्मकाला ई. ढोबळ मानाने खरंय: उठेल, पडेल, हसेल पण मारील, धरील, टाकील. पण म्हणणे आणि शिकणे सकर्मक असून म्हणेल, शिकेल. आणि धातू स्वराने संपत असेल तर सगळ्यांनाच ई, येईल जाईल होईल अकर्मक असून ई, देईल घेईल सकर्मक म्हणून ई, तिथे भेदच मिटतो. तर सकर्मकपणा हा वर्ग ओळखायचा चांगला अंदाज आहे, पण ‘ई चा अर्थ सकर्मक’ असं लिहिलंत तर म्हणेल आणि येईल दोघेही आडवे येतील. जगभरच्या भाषांत हेच दिसतं, वर्ग आणि अर्थ यांची थोडीफार ओळख असते पण नातं पक्कं नसतं.

आता कोणीतरी म्हणणार की हल्ली सगळे करेन, करेल, मारेल म्हणतात. म्हणतातच, मीही बोलताना म्हणतो. वर्ग असेच एकमेकांत मिसळतात. ज्या दोन वर्गांत फरक दोन-तीन घरांपुरता उरलाय, तिथे बोलणारा एक वर्ग मोडीत काढतो आणि बहुतेक वेळा मोठा किंवा सोपा वर्ग जिंकतो. तुमच्या बिबिर चंच बघा ना, लॅटिनमध्ये ते वीवेरे होतं, तिसऱ्या वर्गातलं, स्पॅनिशमध्ये येताना इ-वर्गात जाऊन बसलं. लॅटिनचे चार वर्ग स्पॅनिशमध्ये तीन झाले आणि आज नवं क्रियापद आलं की ते जवळजवळ नेहमी आ-वर्गात जातं, चॅट करणे झालं चातेआर. भाषेत कोणता वर्ग जिवंत आहे हे बघायचं तर नवे उसने शब्द कुठे जातात ते बघायचं, व्याकरणाच्या पुस्तकात कोणता आधी छापलाय ते नाही.

मराठीतल्या या मिसळण्यात एक छान जोडी मात्र हरवते. ‘तो गाडी चालवील’ आणि ‘त्याला आता चालवेल’. पहिलं प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याला चालायला लावणं, दुसरं शक्य, म्हणजे चालणं जमेल. दोन्हीकडे व च लागलाय, पण प्रयोजक व क्रियापदाला ई-वर्गात टाकतो आणि शक्य व ए-वर्गात. इथे लक्षात घ्या, ई चा अर्थ प्रयोजक नाही, अर्थ व चा आहे आणि कोणत्या वर्गात जायचं हे प्रत्येक व स्वतःबरोबर घेऊन येतो. असे प्रत्यय सगळीकडे असतात, स्वतः वर्ग ठरवणारे, आणि मूळ धातू कोणत्या वर्गातला होता याला मग काही किंमत राहत नाही. बसेल पण बसवील.

नामांतही हेच चालतं, फक्त तिथे थीम व्हॉवेल हे नाव कमी वापरतात. भिंत आणि वीट, दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही व्यंजनाने संपतात. पण भिंती आणि विटा, भिंतीला आणि विटेला. जमीन, बहीण, विहीर भिंतीसारख्या, तारीख, सून, जीभ विटेसारख्या. शब्दाकडे बघून सांगताच येत नाही, पाठ असावं लागतं. आणि इथे विटेच्या वर्गाला ‘ए-वर्ग’ म्हणावं तर अनेकवचनात विटांना, तिथे आ आहे. म्हणून मी वर्गाला स्वराचं नाव देतच नाही, आकडा देतो. रुक्ष आहे, पण दिशाभूल तरी करत नाही.

आता अर्थाची शंका. मॉर्फीम म्हणजे अर्थ असलेला सगळ्यात लहान तुकडा ही व्याख्या आपण पहिल्या लेक्चरला शिकतो आणि सुरुवातीला ती पुरतेही. थीम स्वर आला की तिची शिवण उसवते. आब्लामोस मधला आ काळ सांगत नाही, पुरुष सांगत नाही, काहीच सांगत नाही, पण तो काढून आब्लमोस म्हटलंत तर रूप चुकतं. तर काम आहे, अर्थ नाही. त्याचं काम धातूचा प्रत्यय लावण्याजोगा सांगाडा तयार करायचं. काही लोक म्हणतात मग व्याख्या बदला, काही म्हणतात याला मॉर्फीम म्हणू नका, सांगाड्याचा भाग म्हणा. भाषाशास्त्रज्ञ मार्क अरोनॉफ यांनी १९९४ साली अशा फक्त रूपाच्या पातळीवर जगणाऱ्या गोष्टींसाठी ‘मॉर्फोम’ असा शब्द काढला, ज्यांना ना धड अर्थाचा आधार ना उच्चाराचा, तरी भाषेत पद्धतशीर असतात. मला स्वतःला ही भूमिका पटते, कारण कामात हेच दिसतं. असाइनमेंटमध्ये मात्र तुमच्या कोर्सची व्याख्या कोणती आहे ते आधी बघा आणि त्याच व्याख्येने बोला.

आता मुद्द्याचं, स्वर ठेवायचा कुठे. हे कशासाठी करताय आणि भाषा कोणती यावर आहे.

स्पॅनिशसाठी मी मधे वेगळा ठेवतो. प्रत्ययाला चिकटवला तर आमोस, एमोस, इमोस असे तीन प्रत्यय होतात, प्रत्येक काळात तीन-तीन तक्ते, आणि तिन्हीत मोस सारखाच आहे हे कुठेच नोंदलं जात नाही. धातूला चिकटवला, म्हणजे आब्ला, कोमे, बिबि हेच मूळ मानलं, तर आब्लो आणि आब्ले मधे स्वर खोडायचे नियम लिहावे लागतात, तेही जमतं, काही लोक तसं करतात. पण मला पटवणारा मुद्दा साधित शब्दांचा, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या नव्या शब्दांचा आहे: आब्लादोर, कोमेदोर, बिबिदोर. इथे काळ नाही पुरुष नाही, क्रियापदाचे प्रत्ययच नाहीत, तरी आ, ए, इ हजर आहेत. म्हणजे ते आमोस-एमोस चा भाग असूच शकत नाहीत. प्रत्ययाला चिकटवायचा पर्याय माझ्यासाठी तिथेच बाद होतो. अर्थात साधित शब्दांतही सगळं सरळ नाही, मोबेर म्हणजे हलणे-हलवणे हे ए-वर्गातलं, पण त्याचं नाम मोबिमिएंतो, तिथे ए चा इ झालाय. वर्गाची चिठ्ठी तीच, बाहेर पडणारा स्वर प्रत्ययागणिक बदलतो.

मराठीसाठी मी उलटं करतो. तिथे हा ए/ई थोड्याच घरांत येतो आणि साधित शब्दांत तो धातूमागून फिरत नाही, मग दोन-चार रूपांसाठी मधे एक वेगळी पायरी कशाला. मी सरळ एल आणि ईल असे दोन प्रत्यय ठेवतो, धातूवर वर्गाचा आकडा, आणि करेल लिहिणाऱ्यांसाठी ई-वर्गालाही एल चालेल असा जादा नियम. हाच निर्णय मराठीच्या इतिहासावरच्या लेखात चुकीचा ठरेल, कारण तिथे करितो, करी, करीत, करील हे एका माळेत दाखवणं हाच मुद्दा असतो.

आणि थीम स्वर नसलेल्या भाषेतही वर्ग असतात हे विसरू नका. इंग्रजीत वॉक-वॉक्ट आणि सिंग-सँग हे दोन वर्गच आहेत, मधे कुठलाही जोडस्वर नाही.

स्वतः तपासायचं असेल तर अशी सवय लावा. एकच घर धरा, म्हणजे ‘आम्ही, वर्तमान’, आणि खाली बरीच क्रियापदं लिहा. जो तुकडा क्रियापद बदललं की बदलतो पण मोजक्याच प्रकारांत बदलतो, तोच तुमचा संशयित. मग एकच क्रियापद धरून घरं बदला आणि तो संशयित कुठे टिकतो, कुठे हरवतो ते बघा. मग साधित शब्द. या तिन्हीत तो काळ-पुरुषाशी नातं न दाखवता फक्त क्रियापदाच्या गटाशी नातं दाखवत असेल तर तो थीम स्वर. आणि कोणत्या घरातून वर्ग नक्की कळतो ते लिहून ठेवा, डिक्शनऱ्या तेच रूप छापतात, लॅटिनच्या कोशात अमो सोबत अमारे देतात ते याचसाठी, कारण अमो मधे आ उरलेलाच नाही.

तुमच्या असाइनमेंटपुरतं सांगायचं तर कोमेमोस असं तोडा: कोम्-ए-मोस. कोमो असं: कोम्-ओ, आणि बाजूला लिहा की वर्ग दुसरा, इथे थीम स्वर प्रत्ययातल्या स्वरापुढे गळला. कोमा मधला आ थीम स्वर म्हणून दाखवू नका, तो त्या रूपाची खूण आहे आणि वर्गाप्रमाणे निवडलेली. अडचण येईल ती ‘मी खायचो’ वाल्या कोमीआ ची. आब्लाबा सरळ आब्ल्-आ-बा होतं, पण कोमीआ मधे कोम्-ई-आ तोडायचं का कोम्-ईआ? पहिल्यात ई थीम स्वर आणि काळाची खूण आ-वर्गात बा, इतरत्र नुसता आ. दुसऱ्यात ईआ अख्खी काळाची खूण आणि थीम स्वर तिच्यात विरघळलेला. लॅटिनमध्ये इथे सगळीकडे ब होता, ए आणि इ वर्गांत तो पुढे गळाला, म्हणून मी पहिलं निवडतो. इतिहास बाजूला ठेवून फक्त आजच्या भाषेवर लिहायला सांगितलं असेल तर दुसरंही तितकंच चालतं, फक्त कोणतं घेतलंत आणि का घेतलंत ते एका ओळीत लिहा आणि बिबीआ ला तोच न्याय लावा.